नौभोजनवेषमीमांसा

नौकेवर रात्रीच्या भोजनास बसताना प्रवाशाने काय परिधान करावे, हा प्रश्न सकृद्दर्शनी वस्त्रशास्त्राचा वाटतो. वस्तुतः तो कालगणनेचा प्रश्न आहे, हे प्रस्तुत प्रबंधाचे प्रतिपाद्य होय.

भूमीवरील मनुष्यास वार कळतो तो दूधवाला, कचऱ्याची गाडी आणि शेजारच्या शाळेची घंटा या तीन प्रमाणांनी. साउदॅम्प्टनहून न्यूयॉर्ककडे निघालेल्या क्वीन मेरी २ या नौकेवर यांपैकी एकही प्रमाण उपलब्ध नाही. सात रात्रींचा प्रवास, मध्ये बंदर नाही, आणि अटलांटिक सोमवारी दिसतो तसाच गुरुवारीही दिसतो. त्यातच उभय नगरांच्या घड्याळांत पाच तासांचे अंतर असल्याने पश्चिमगामी प्रवासात पाच रात्री काटा एकेक तास मागे घ्यावा लागतो व पंचवीस होरांचा अहोरात्र सिद्ध होतो. पूर्वगामी प्रवासात तितक्याच होरांचा क्षय होतो. आपल्या पंचांगात अधिकमास सुमारे तीन वर्षांनी येतो. येथे अधिकहोरा जवळजवळ नित्याचा. अशा अवस्थेत आजची तिथी प्रवाशाने कशावरून ओळखावी? गळ्याभोवती काय बांधले आहे, त्यावरून. हाच सिद्धान्त.

क्षेत्रमर्यादा आरंभीच सांगणे इष्ट. फ्रान्समधील सां-नाझेर येथे बांधलेली, २००४ साली जलयात्रेस निघालेली, ३४५ मीटर लांबीची उपरोक्त नौका हीच या शास्त्राची कर्मभूमी मानली आहे, कारण क्यूनार्ड कंपनीने सायंपोशाखाची परंपरा अद्याप टाकलेली नाही. ज्या विहारनौकांवर डोक्यास क्रिकेटची टोपी आणि पायांत रबरी सपाता असतानाही जेवता येते, त्यांचा विचार आम्ही केलेला नाही, करणारही नाही.

संधिकालनिर्णय

सायंकाळी सहा हा या शास्त्रातील एकमेव मुहूर्त. सहापूर्वी अर्धी चड्डी निर्दोष आहे. सहानंतर तीच चड्डी, त्याच देहावर, सदोष होते. चड्डीत कोणताही भौतिक बदल झालेला नसताना तिची पात्रता नष्ट व्हावी, याचे स्पष्टीकरण देण्यासाठी दोन पक्ष उभे राहिले. सूर्यवाद्यांच्या मते दोषाचे कारण अंधार आहे. सबब उन्हाळ्यात उत्तर अटलांटिकावर सहानंतरही प्रदीर्घ काळ ऊन असते, तोवर गुडघे उघडे ठेवण्यास प्रत्यवाय नसावा. घटिकावाद्यांनी याचे खंडन केले: सूर्य ही नौकेची मालमत्ता नाही, घड्याळ आहे. आम्हांस दुसरा पक्ष ग्राह्य वाटतो. तथापि संधिकालात, म्हणजे पाच वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी, पोहण्याच्या तलावाकडून लिफ्टमध्ये शिरलेला आणि सहा वाजून एक मिनिटाने तिच्यातून बाहेर पडलेला प्रवासी कोणत्या वर्गात मोडतो, हा वाद अनिर्णित आहे. बहुतेक आचार्य त्यास टॉवेलने झाकण्याची शिफारस करतात.

अपात्र प्रवाशास उपाशी ठेवावे, असे मात्र शास्त्र म्हणत नाही. त्याच्यासाठी किंग्ज कोर्ट हे उपाहारगृह व गोल्डन लायन हे मद्यगृह असे ओवळ्याचे प्रदेश राखून ठेवले आहेत. किंग्ज कोर्टात अन्न विपुल आहे. फक्त ते स्वतः उठून वाढून घ्यावे लागते, आणि प्रायश्चित्ताची कल्पना याहून सौम्य कोणत्याही स्मृतीत आढळत नाही.

सायंकाळांचे प्रकार

सायंकाळ दोन प्रकारची: (१) सामान्य व (२) महोत्सवी. पहिल्या व शेवटच्या रात्रीचा तिसरा वर्ग काहीजण मानतात. त्याचा विचार यथास्थळी येईल.

सामान्य सायंकाळी पुरुषाने कोट घालावा, टाय ऐच्छिक. जीन्स चालते, परंतु ती फाटकी नसावी. हा शेवटचा नियम वाटतो तितका सरळ नाही. विदीर्णता द्विविध आहे: भोगजन्य, म्हणजे वर्षानुवर्षे वापरून गुडघ्यावर आलेली, आणि क्रयजन्य, म्हणजे कारखान्यातच सिद्ध करून अधिक किमतीस विकलेली. पहिली दारिद्र्याचे लक्षण, दुसरी समृद्धीचे. नियमकर्त्यांनी या दोहोंत भेद केलेला नाही. छिद्र तेवढे पाहिले, त्याची बिलपावती पाहिली नाही. या समदृष्टीमुळे हा नियम आम्ही संपूर्ण संहितेत श्रेष्ठ मानतो.

महोत्सवी सायंकाळी पुरुषास डिनर जॅकेट किंवा गडद सूट, स्त्रीस दीर्घवसन. या सायंकाळींना विषय नेमून दिलेले असतात: एक कृष्णशुभ्र, एक लाल-सोनेरी, एक मुखवट्यांची. प्रतिपाद्याचे प्रमाण येथेच हाती लागते. नौकेवरील कोणाही जाणकारास वार विचारावा. तो ‘मंगळवार’ म्हणत नाही, ‘काळ्या-पांढऱ्याचा दुसरा दिवस’ म्हणतो.

ग्रीवाबंधप्रकरण

बो टाय हा या शास्त्राचा मेरुमणी असून त्याचे तीन भेद आहेत. (१) स्वग्रथित: प्रवाशाने आरशासमोर स्वहस्ते बांधलेला. (२) परग्रथित: पत्नीने बांधलेला. (३) पूर्वग्रथित: दुकानदाराने विकण्यापूर्वीच बांधून ठेवलेला, याचाच अंकुशधर नामक उपभेद पाठीमागे आकड्याने अडकवतात. स्वग्रथनवाद्यांच्या मते किंचित वाकडेपणा हे शुद्धतेचे लक्षण होय, कारण यंत्रास वाकडे बांधता येत नाही. यातून एक भ्रष्टाचार उद्भवला. पूर्वग्रथित टाय धारण करणारे कित्येक जण भोजनकक्षात शिरण्यापूर्वी तो बोटाने जाणीवपूर्वक तिरका करू लागले. आता तिरकेपणावरून काहीच सिद्ध होत नाही, आणि केवळ रात्री अकरानंतर, टाय सोडून दोन्ही टोके छातीवर लोंबती ठेवणाऱ्यासच स्वग्रथित म्हणता येते. अंकुशधरास हा विलास आजन्म वर्ज्य आहे.

ग्रीवेखाली कटी. कमरबंद ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी हिंदुस्थानातून उचलला. जाकिटाखाली वेस्टकोट सहन होईना, म्हणून. कमरबंद असेल तेथे वेस्टकोट नसावा आणि पट्टा तर कदापि नसावा. त्याच्या चुण्या ऊर्ध्वमुख असाव्यात, याविषयी मतभेद नाही. का असाव्यात, याविषयी आहे. तिकीटवादी म्हणतात, नाट्यगृहाचे तिकीट खोचण्यासाठी. चूर्णवादी म्हणतात, पावाचा चुरा झेलण्यासाठी. नौकेवरील नाट्यगृहात तिकीट लागत नसल्याने समुद्रापुरते चूर्णवाद्यांचे मत बलवत्तर ठरते. शोधकांनी रात्री केबिनमध्ये कमरबंद उलटा करून झटकावा.

याच प्रकरणात ‘रेड सी रिग’ नामक अपवादाचा परामर्श घेणे अगत्याचे आहे. मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून सुटणाऱ्या पी अँड ओ या आंग्ल जहाज कंपनीच्या नौका एडनमार्गे सुएझकडे जात, तेव्हा वाटेतील तांबड्या समुद्रात इतका उष्मा होई की जाकिटासह जेवणे हा एक देहदंडच ठरे. त्या उष्म्यातील पोशाख आजही या नावाने ओळखला जातो. त्यात जाकीट काढावे, परंतु कमरबंद ठेवावा, अशी व्यवस्था आहे. छातीशी हवा खेळणे आवश्यक मानले गेले. नाभीच्या परिसरात मात्र शैथिल्य नको. सभ्यतेचे अधिष्ठान छातीत नसून पोटावर आहे, याचा याहून स्पष्ट पुरावा पाश्चात्त्य विचारविश्वात नाही.

देशीवेषाधिकार

महोत्सवी सायंकाळी औपचारिक राष्ट्रीय वेष ग्राह्य आहे. स्कॉटिश पुरुष घागऱ्यासदृश किल्ट घालून भोजनास येतो व त्यास कोणी अडवत नाही. या दृष्टान्तावरून धोतराचा अधिकार अनायासे सिद्ध होतो. बंदगळ्याविषयी तर शंकाच नाही, शिवाय तेथे टायचा संपूर्ण वाद संपुष्टात येतो. धोतरासंबंधी आमची एकच सूचना: डेकवरून भोजनकक्षात जाऊ नये. किल्ट लोकरीचा व वजनदार असतो. धोतर सुती असते, आणि अटलांटिकावरील वारा या दोहोंत भेद करतो.

स्त्रीवेषात मराठी प्रवासिनीची स्थिती विलक्षण अनुकूल आहे. लाल-सोनेरी रात्री पैठणी नेसली की अन्य कोणताही प्रयत्न न करता अर्हता पूर्ण होते. पेच पडतो तो कृष्णशुभ्र रात्री. एरवी सणासमारंभाला वर्ज्य मानलेला काळा रंग आपल्याकडे संक्रांतीस आवर्जून नेसतात. त्यासाठी घेतलेली चंद्रकळा जानेवारीत एकदा निघते आणि पुन्हा डांबरगोळ्यांत जाते. तीच साडी जूनमध्ये अटलांटिकावर नेसल्यास तो दिवस संक्रांतीचा मानावा काय, हा खरा शास्त्रार्थ. पुण्याच्या दिशेने पाहणारा पक्ष नाही म्हणतो. आमच्या मते, वेष हेच पंचांग असल्याचे एकदा मान्य केल्यावर, तिळगूळ सोबत ठेवणे श्रेयस्कर.

सूपगतिविचार

भोजनकक्षात आसनस्थ झाल्यावर काट्याचमच्यांची पंक्ती दृष्टीस पडते. बाहेरून आत यावे, पाव डावीकडचा, पेला उजवीकडचा, हे सर्वश्रुत असल्याने विस्तार करत नाही. सूप मात्र दुर्लक्षित राहिले आहे.

आंग्ल शिष्टाचारानुसार सूपचा चमचा स्वतःकडे न ओढता स्वतःपासून दूर लोटायचा असतो. भूमीवर या नियमाचा दिशेशी संबंध नाही. नौकेवर आहे. ब्रिटानिया भोजनगृहात नौकाग्राकडे तोंड करून बसलेला, म्हणजे अग्रमुख, प्रवासी पश्चिमगामी प्रवासात सूपचा प्रत्येक चमचा न्यूयॉर्ककडे लोटतो. त्याच मेजावर समोर बसलेली त्याची पत्नी पृष्ठमुख असल्याने तिचा प्रत्येक चमचा साउदॅम्प्टनकडे परत जातो. एकाच मेजावर, एकाच वेळी, एकाच टोमॅटोच्या सूपात ही परस्परविरोधी गती चालू असते, आणि नौकेच्या वेगावर तिचा परिणाम कसा होत नाही, याचे समाधान आम्हांस एवढेच सुचते की मेजांवरील जोडपी समसंख्य असावीत. बाजूने बसलेल्या तिर्यङ्मुखांचे सूप आइसलंड किंवा अझोर्स बेटांकडे जाते. ते हिशेबात धरू नये.

समाप्तिसंकेत व त्याचे दैवाधीनत्व

सुरी व काटा समांतर ठेवणे म्हणजे भोजन समाप्त. एकमेकांपासून विलग, तिरके ठेवणे म्हणजे विराम. वाढपी या लिपीचे वाचन दुरूनच करतो. पी अँड ओच्या नौकांवर भोजनकक्षाची सेवा पिढ्यान्पिढ्या गोव्याच्या तारवट्यांकडे होती. जहाजाची वाट पाहत ते मुंबईत धोबी तलाव परिसरातील कुडांत, म्हणजे गोवेकरांच्या सामायिक वसतिगृहांत, राहत. या शास्त्राचे खरे भाष्यकार तेच, परंतु त्यांनी लेखन केले नाही, कारण दोन्ही हातांत थाळ्या होत्या.

संकेताची ही लिपी नौकेवर एका संकटास पात्र होते. समुद्र खवळला असता विरामार्थ ठेवलेली सुरी घसरत काट्याजवळ येते व दोघे समांतर होतात. वाढपी थाळी उचलतो. अर्धे कोकरू शिल्लक असते. यास आम्ही दैवकृत समाप्ती म्हणतो. जुन्या नौकांवर अशा वेळी मेजास उभ्या कडा लावत, चादर पाण्याने भिजवत, जेणेकरून थाळी सरकू नये. पण थाळीतील सुरीसाठी काहीही योजिले नव्हते. मुद्दाम उचलून विलग केलेली सुरी पुन्हा घसरल्यास हा समुद्राचा अंतिम निर्णय समजावा आणि पुडिंगकडे वळावे.

पोर्ट या मद्यासंबंधी अल्पसे. सुरई डाव्या हाताच्या शेजाऱ्याकडे सरकवायची असते व मागून घेणे असभ्य. एखाद्याने ती अडवून ठेवल्यास त्यास ‘नॉरविचच्या बिशपना आपण ओळखता काय?’ असे विचारण्याची आंग्ल रूढी आहे. प्रश्नाचे खरे उत्तर अपेक्षित नाही. मराठी प्रवाशाने ‘नाही, आमचे एक नातेवाईक लेस्टरला असतात’ असे म्हणून सुरई अधिक काळ स्वतःजवळ ठेवल्यास तो दोष अज्ञानजन्य मानून क्षम्य ठरवावा.

अंत्यरात्रिविधी

पूर्वीच्या अटलांटिक प्रवासात पहिल्या व शेवटच्या रात्री सायंपोशाख करत नसत: प्रथम रात्री पेटारे उघडलेले नसत, अंतिम रात्री बंद झालेले असत. आजही शेवटच्या रात्री सामान केबिनच्या दाराबाहेर ठेवायचे असते व ते उचलून नेतात. येथे सर्वांत घोर प्रमाद घडतो. उत्साही प्रवासी संपूर्ण वस्त्रसंभार बॅगेत भरून बॅग बाहेर ठेवतो, आणि दुसऱ्या दिवशी ब्रुकलिनच्या धक्क्यावर उतरण्यासाठी त्याच्याकडे डिनर जॅकेट तेवढे उरते.

सकाळी आठ वाजता डिनर जॅकेट निषिद्ध आहे, याविषयी सर्व संप्रदायांचे एकमत आहे. पायजमा त्याहून निषिद्ध. मध्यममार्ग असा की जाकीट काढून हातावर घ्यावे. मात्र पांढरा शर्ट, काळी विजार आणि बो टाय एवढ्यानिशी रांगेत उभ्या असलेल्या पुरुषाच्या हाती सहप्रवासी आपल्या बॅगा देऊ लागतात. शास्त्रात नकाराची तरतूद नाही. बॅगा घ्याव्यात, टॅक्सीपर्यंत न्याव्यात, आणि कोणी डॉलर पुढे केल्यास तो कमरबंदाच्या ऊर्ध्वमुख चुणीत ठेवावा. तिकीटवाद्यांच्या मतास त्यामुळे प्रथमच काही आधार मिळतो.