'स्टेल' लेबलास अनावृत पत्र

प्रति,
मा. लेबल 'लाइफसायकल/स्टेल',
कुबरनेटीज प्रकल्प, गिटहब.

विषय: 90 दिवसांच्या शांततेवरून प्रकरण शिळे ठरविण्याबाबत.

महोदय,

कुबरनेटीजमध्ये आलेला कोड वाचतात माणसे, पण तो आत घेतात लेबले. पुल रिक्वेस्टवर, म्हणजे कोड आत घेण्याच्या विनंतीवर, 'एलजीटीएम' (वाचले, ठीक आहे) आणि 'अप्रूव्ह्ड' ही दोन्ही लागली, अडवणारे एकही उरले नाही आणि चाचण्या पास झाल्या, की 'टाइड' नावाचा बॉट कोड परस्पर मर्ज करतो. गिटहबवर लेबल लावण्याची परवानगी सरसकट नसते. म्हणून टिप्पणीत '/एलजीटीएम' एवढेच लिहायचे. लिहिणाऱ्याचा अधिकार तपासून 'प्राउ' ही यंत्रणा लेबल डकवते. 'अप्रूव्ह्ड' देण्याचा अधिकार त्या त्या फोल्डरला लागू असलेल्या ओनर्स फाइलीतल्या मंडळींचा. स्वतःच्या कोडला स्वतःच एलजीटीएम देता येत नाही, हा नियम आपल्याकडच्या कित्येक समित्यांनी उसना घ्यावा असा आहे.

इथवर तक्रारीला जागा नाही. नवख्याने कॉमेंटमधले एक चुकलेले स्पेलिंग दुरुस्त करून पाठवले, की मात्र लेबलांची रांग लागते. बदल दहा ओळींच्या आतला, म्हणून 'साइज/एक्सएस'. माणूस अनोळखी, म्हणून 'नीड्स-ओके-टू-टेस्ट': एखाद्या सदस्याने '/ओके-टू-टेस्ट' म्हणेपर्यंत चाचण्याच सुरू होत नाहीत. प्रकार सांगितला नाही, म्हणून 'नीड्स-काइंड'. रिलीज नोट नाही, म्हणून 'डू-नॉट-मर्ज' घराण्यातले आणखी एक. नोट द्यायचीच नसेल तर तसे सांगायला ठरलेल्या चौकटीत 'नन' असे लिहावे लागते. या लेबलांपैकी बहुतेकांमागे कारण आहे. अनोळखी कोड प्रकल्पाच्या यंत्रांवर बिनबोभाट चालवला, तर त्यातून काहीही घुसू शकते. एलजीटीएम मिळाल्यावर नवा कमिट ढकलला की ते लेबल गळून पडते, तेही योग्यच. पाहिले एक आणि मर्ज झाले दुसरे, असे व्हायला नको.

आता आपल्याविषयी. 90 दिवस कोणी काही बोलले नाही, की बॉट आपल्याला चिकटवतो. आणखी 30 दिवसांनी आपले थोरले बंधू 'रॉटन' येतात आणि त्यापुढच्या 30 दिवसांनी प्रकरण बंद होते. एकूण दीडशे दिवस. या काळात बग दुरुस्त झाला की नाही, हे कुठेच तपासले जात नाही. मोजली जाते ती शांतता, आणि शांतता कोणाची हेही पाहिले जात नाही. लेखकाने सगळ्या शंकांची उत्तरे दिली आणि तपासनीस फिरकलाच नाही, तरी शिळा ठरतो तो लेखकाचाच कोड. उत्तर द्यायला पुरेशी माणसे नाहीत, अशी कबुली बॉट आपल्या संदेशात देतो खरा. तेवढ्यासाठी त्याचे कौतुक करायला हवे. पण टंचाई प्रकल्पाकडे आणि शिक्का अर्जदारावर, हा हिशेब आपण फार सफाईने जमवला आहे.

उपायही आपल्याच दारात ठेवला आहे: '/रिमूव्ह-लाइफसायकल स्टेल' लिहिले की घड्याळ पुन्हा शून्यापासून. त्यामुळे जुन्या बगच्या धाग्यात दर तीन महिन्यांनी कोणीतरी येऊन ही एकच ओळ लिहून जातो. ना नवी माहिती, ना नवा पॅच. अशा धाग्याला 'लाइफसायकल/फ्रोझन' लावून कायमची सुटका होते, पण हे ठाऊक असते ते मुरलेल्यांना.

रस्ट भाषेच्या भांडारात 'एस-वेटिंग-ऑन-रिव्ह्यू' आणि 'एस-वेटिंग-ऑन-ऑथर' अशी दोन वेगळी लेबले असतात. लेखकाने काम पूर्ण करून रस्टबॉटला 'रेडी' कळवले की पहिले लागते. तपासनीसाने 'ऑथर' म्हटले की दुसरे. प्रकरण कोणाकडे अडले आहे, ते वाचणाऱ्याला एका नजरेत दिसते. काम तिथेही रखडते, पण कोणामुळे, ते लपत नाही. अशी माहिती अंगावर वागवण्याची आपली तयारी असल्यास तसे कळवावे. उत्तराची मुदत, अर्थातच, 90 दिवस.

कळावे,
प्रतीक्षेतील एक पुल रिक्वेस्ट

प्रत: 'लाइफसायकल/रॉटन' यांना, 30 दिवसांनंतरच्या कार्यवाहीस्तव.