जिना धुण्याची पाळी

"विचार तिला, संडास किती बिऱ्हाडांत एक होता?"

आईचा हा पहिला प्रश्न. हवापाणी नाही, तब्येत नाही, थेट संडास. उन्हाळ्यात आई ग्लासगोला आली की पाऊस थांबलेला असेल तेवढा वेळ मागच्या लाकडी कुंपणाला टेकून उभी असते. पलीकडे शेजारच्या आजी. त्या गॉर्बल्स या ग्लासगोतल्या जुन्या चाळवस्तीत जन्मल्या, शाळकरी वयात आईबापांबरोबर शहराच्या दक्षिण टोकाला, इथं कासलमिल्कला आल्या आणि इथल्याच झाल्या. आईचं बालपण गिरगावातल्या चाळीत गेलं. दोघी साधारण एका वयाच्या, दोघींचे गुडघे गेलेले. आजी रूबार्बचे दांडे देतात, आई ते आमटीत आमसुलाऐवजी ढकलते आणि वाटीभर आमटी कुंपणावरून परत जाते. मी मधे दुभाषी.

"तीन बिऱ्हाडांत एक," आजी म्हणाल्या. "जिन्याच्या अर्ध्या वळणावर. किल्ली आमच्या दाराआड खिळ्याला टांगलेली."

"किल्ली होती?" आई खूश झाली. "आमच्याकडे गॅलरीच्या टोकाला रांग आणि हातात टमरेल. कडी बाहेरूनही लागायची, पोरं लावायची."

मग अंघोळ. शेगडीपुढे पत्र्याचा टब, धाकटा भाऊ आधी, वडील शेवटी, पाणी तेच. झोपायला भिंतीतल्या कोनाड्यात बसवलेला पलंग. एकाच खोलीत सगळा संसार असलेली बिऱ्हाडंही त्याच जिन्यावर होती. धुणं सार्वजनिक धुलाईघरात, जुन्या बाळगाडीत घालून न्यायचं. शहरभरच्या बातम्या तिथंच धुतल्या जायच्या, पिळल्या जायच्या.

"म्हणजे मजा होती," आई म्हणाली.

"उंदीरही होते," आजी म्हणाल्या.

इथं मला थोडं मधे घुसावं लागलं. 1945 साली रॉबर्ट ब्रूस या शहराच्या अभियंत्यानं ग्लासगोची योजना मांडली. तिच्यानुसार शहराच्या मध्यातलं जवळपास सगळंच पाडायचं होतं, भर शहरातलं सेंट्रल स्टेशनसुद्धा. तेवढं झालं नाही, पण कडेला प्रचंड वसाहती मात्र उभ्या राहिल्या: पोलॉक, ड्रमचॅपल, ईस्टरहाउस आणि आमचं कासलमिल्क. इथं पन्नाशीच्या दशकात बांधकाम सुरू झालं. जुन्या जमीनदारांच्या मालमत्तेवर चार मजली इमारतींच्या रांगा उभ्या राहिल्या आणि तीस हजारांवर माणसं येऊन पडली. जमीनदारांचा वाडा 1969 साली पाडला. घोड्यांचा तबेला तेवढा वाचला. तो पुढं दुरुस्त केला, आता तिथं गृहसंस्थेची कचेरी आहे.

"बघ, वाडा गेला आणि तबेला राहिला," आई म्हणाली. "ते सोड. इथं आल्यावर पहिल्या रात्री काय केलं, विचार."

आजींचा चेहरा असा खुलला की मला भाषांतराची गरज वाटेना. पहिल्या रात्री त्यांच्या आईनं टब तीनदा भरला. नळातून गरम पाणी येतं यावर कुणाचा विश्वास बसेना. आजी स्वतः संडासात आतून कडी लावून नुसत्या बसून राहिल्या. काम नव्हतं, पण कुणी दार वाजवत नव्हतं. खिडकीतून पाहिलं तर गाई दिसत होत्या.

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी पाव आणायचा होता."

दुकानच नव्हतं. घरं आधी बांधली, बाकीचं नंतर बघू, असा सगळा कारभार. ड्रमचॅपलला राहायला गेलेला विनोदवीर बिली कॉनली अशा वसाहतींना खिडक्या असलेलं वाळवंट म्हणायचा. इथल्या बायका शनिवारी बसचं भाडं भरून गॉर्बल्सच्या ओळखीच्या दुकानदाराकडे बटाटे आणायला जायच्या, येताना जुन्या शेजारणींना भेटून यायच्या. मग फिरती दुकानं आली. जुन्या गाड्यांतून पाव, दूध, सिगारेटी विकायची. गाडीचा भोंगा वाजला की सगळा जिना खाली. आजींच्या मते कासलमिल्कमध्ये शेजार सुरू झाला तो त्या गाडीच्या रांगेत.

दारूचं दुकान मात्र मुद्दाम ठेवलं नव्हतं. नगरपालिकेच्या जमिनीवर पब नको, असा जुना नियम होता.

"हे उत्तम केलं!" आई.

"उत्तम कसलं? बाप्ये प्यायला शहरात जायचे आणि शेवटची बस चुकवायचे. मग पाच मैल चालत, गात यायचे."

यावर दोघी बराच वेळ हसल्या. मला त्यात भाषांतर करण्यासारखं काही उरलं नाही.

जिन्याची गोष्ट आजींनी खास राखून ठेवली होती. प्रत्येक मजल्यावर जिना धुण्याची पाळी असायची. पाळीची पाटी पुठ्ठ्याची, दोरी लावलेली. ज्या दाराच्या मुठीवर ती लटकेल तिनं त्या आठवड्यात जिना धुवायचा. धुऊन झाला की गुपचूप पाटी शेजारच्या मुठीवर. समोरची एक बाई पायरीचा मधलाच भाग पुसायची, कडा तशाच.

"असायचीच एक," आईनं ताबडतोब ओळखलं. "आमच्याकडे दुसऱ्या मजल्यावर होती. नाव घेत नाही."

बहुमजली मनोऱ्यांत ही पाटीच चालेना. लिफ्टला पाळी कशी लावणार? कासलमिल्कलाही साठीच्या दशकात मनोरे झाले. तेव्हाच अ‍ॅडम मॅकनॉटननं एक गाणं केलं, ते आजही ग्लासगोत सगळ्यांना येतं. चाळीत आई खिडकीतून पोराला जॅम लावलेला पाव खाली टाकायची, मनोऱ्याच्या वरच्या मजल्यावरून टाकला तर तो पोराच्या हातात पडेल का, एवढाच त्याचा विषय. मला विचाराल तर नगररचनेवर इतकी नेमकी टीका कुठल्या अहवालात नसेल.

तिकडे गॉर्बल्समध्ये जुन्या इमारती पाडून सर बेसिल स्पेन्स या नामांकित आर्किटेक्टनं उंच इमारती उभारल्या. 1961 साली पायाभरणीला राणी आली होती. धुणं वाळत घातलं की इमारत शिडं उभारलेल्या जहाजासारखी दिसेल, असं त्याला वाटायचं म्हणतात. ग्लासगोच्या पावसात धुणं वाळत नाही हे त्याला एखाद्या बाईनं सांगायला हवं होतं. घरांना ओल आली, तक्रारी वर्षानुवर्षं चालल्या, आणि 1993 साली सगळं सुरुंगानं उडवलं. जवळच हचिसनटाउनमधल्या दुसऱ्या एका वसाहतीला लोक 'डॅम्पीज', म्हणजे ओलवाल्या, म्हणायचे. ती त्याआधीच, 1987 साली गेली.

ओल इथंही होती. आजींच्या झोपायच्या खोलीत भिंतीला काळी बुरशी. पाहणीला आलेला साहेब म्हणाला, तुम्ही श्वास सोडता, किटली उकळता, त्याचं पाणी धरतं. खिडक्या उघड्या ठेवा.

"जानेवारीत?" आई.

"जानेवारीत. मी त्याला विचारलं, श्वास घ्यायचा बंद करू का? तर म्हणे, तसं नाही."

ऐंशीच्या दशकापर्यंत काम गेलेलं, जो जाऊ शकेल तो गेलेला, घरं फळ्या ठोकून बंद. 1988 साली सरकारनं चार वसाहती सुधारायला निवडल्या. एडिनबर्गची वेस्टर हेल्स, डंडीची व्हिटफील्ड, पेझलीची फर्ग्युस्ली पार्क आणि ही. मग काही इमारती पाडल्या, काही दुरुस्त केल्या, काही ठिकाणी परसदाराची छोटी घरं आली. दोघी टेकल्या होत्या ते कुंपण त्याच काळातलं. पुढं 2003 मध्ये ग्लासगो नगरपालिकेची ऐंशी हजारांच्या आसपास घरं, तीही भाडेकरूंचं मत घेऊन, एका गृहसंस्थेकडे गेली. कासलमिल्कमधले मिचेलहिलचे मनोरे 2005 साली पाडले. ते पाहायला आजी गेल्या नाहीत. "धूळ माझ्या पडद्यांवर आली, तेवढं पुरे," म्हणाल्या.

"आणि तिच्या त्या गॉर्बल्समध्ये आता काय आहे?" आईनं विचारलं.

आजींनी कुंपणावर दोन्ही कोपरं नीट रोवली. तिथं आता चार मजली इमारती आहेत. रस्त्याला लागून, खाली दुकानं, मागं चौक. नव्वदीच्या दशकात क्राउन स्ट्रीटपासून पुन्हा बांधायला सुरुवात केली.

"म्हणजे होतं तसंच?"

"होतं तसंच. फक्त संडास आत."

आई गप्प झाली. हे फार वेळा घडत नाही. मग म्हणाली, "अगं, मग पहिल्यांदाच संडास आत बांधून दिले असते तर?"

मी हे भाषांतर करून सांगितल्यावर आजींनी आईकडे अशा आदरानं पाहिलं की जणू तिलाच ब्रूससाहेबाच्या जागी नेमायला हवं होतं. आईचा प्रश्न काही खुळा नाही. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला ग्लासगोच्याच गोव्हन भागात नेमकं तेच केलं गेलं. तरुण आर्किटेक्ट रेमंड यंग आणि त्यांच्या साथीदारांनी तिथंच एका दुकानात कचेरी थाटली, रहिवाशांबरोबर बसून नकाशे काढले, आणि जुन्या इमारती न पाडता प्रत्येक बिऱ्हाडात न्हाणीघर बसवलं. अनेक ठिकाणी ते बसलं त्या पलंगाच्या कोनाड्यातच! शेजारी शेजारीच राहिले. स्कॉटलंडमधल्या, रहिवाशांनी चालवलेल्या कितीतरी गृहसंस्थांचं मूळ त्या कामात आहे.

आणि तेही नवीन नव्हतं. पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश माणूस, एडिनबर्गच्या जुन्या वस्तीत स्वतः राहून ती सुधारणारा, 1919 पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा प्राध्यापक होता. आपल्याकडच्या गावांसाठी अहवाल लिहिताना तो हेच सांगत होता, की सरसकट पाडून रुंद रस्ते काढू नका, मोजकंच काढा, बाकीचं जपा. त्याच्या मायदेशानं त्याचं कितपत ऐकलं ते या कुंपणावरून दिसतंच आहे.

"पण तुला परत जायचंय का तिथं?" आईनं आजींना थेट मराठीत विचारलं. आजींना कळलंही.

"छे! तिथली भाडी ऐक." त्यांनी आकडा सांगितला. आईनं मनात रुपये केले आणि हात जोडले. "शिवाय माझा नळ, माझा रूबार्ब, माझी कडी. चाळीचं कौतुक चाळ सोडलेल्यांनी करावं."

हे वाक्य आईला इतकं पटलं की तिनं ते माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

आजी आत जाऊन पिशवी घेऊन आल्या. बाजाराला जायला बस गाठायची होती. इथं वस्ती निम्म्याहून कमी उरली, सुधारणेच्या इतक्या फेऱ्या झाल्या, तरी 2020 नंतरसुद्धा कासलमिल्कच्या लोकांना मोठ्या सुपरमार्केटसाठी मोहीम चालवावी लागली.

"म्हणजे बटाट्यांना अजून बसनंच?" आई चकित. "सत्तर वर्षांत एक वाणी येईना?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "गोव्हनहिलवरून जाणार असली तर सांग तिला, कोथिंबिरीची जुडी आण म्हणावं. देठ जाड नकोत. आणि पैसे आधी दे, नाहीतर ती घ्यायची नाही."