नग एक, जागा तिघांची

रत्नागिरीतल्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातला बुकिंगवाला वजनकाट्याकडे पाठ करून बसतो. काट्याचा उपयोग चहाचे पेले ठेवायला. समोर घडीचा रॅम्प किंवा नाटकाच्या सेटच्या सुट्या पायऱ्या येऊन पडल्या, तरी तो खुर्ची सोडत नाही, मान जरा तिरपी करतो आणि निकाल देतो, “पोकळ माल आहे हो. जागेवर लागेल.” पंचवीस किलोच्या वस्तूचं भाडं शंभर किलोचं ऐकलं की गिऱ्हाईक मनातल्या मनात त्याचे पूर्वज काढतं. माझं मत उलट आहे. मालाची वर्गवारी करण्यात हा गृहस्थ सरकारी कोष्टकापेक्षा शहाणा आहे, आणि हे शहाणपण त्याला हापूसने शिकवलं आहे.

कोष्टकाची नजर वस्तू कशाची बनली यावर. जीएसटीच्या बिलावर एचएसएन क्रमांक लिहायचा, तर लाकडी शिडी 44व्या प्रकरणात, लोखंडी 73व्यात आणि ॲल्युमिनियमची 76व्यात. कर आकारायला हे ठीक. पण ट्रकच्या हौद्याला धातूशी काय देणंघेणं? तिथे प्रश्न एकच, ह्याच्यावर आणखी काय ठेवता येईल? आंब्याची पेटी ह्या परीक्षेत पहिली येते. चौकोनी, हवा खेळायला भोकं ठेवलेली, थरावर थर चढवला तरी वाशीपर्यंत तक्रार न करणारी. तिच्यासोबत वाढलेल्या माणसापुढे तीन पायऱ्यांचा सुटा जिना आणा: 90 सेंटीमीटर लांब, तेवढाच रुंद, 60 उंच, आत निव्वळ हवा आणि वर सपाटीचा पत्ता नाही. लांबी-रुंदी-उंचीच्या गुणाकाराला 5000 ने भागायची कुरिअरवाल्यांची रूढ रीत लावली, तर त्याचं वजन 97 किलो भरतं. त्यांना त्यासाठी टेप आणि संगणक लागतो, ह्याला मान पुरते. रेल्वेसुद्धा 100 बाय 100 बाय 70 सेंटीमीटरच्या बाहेर गेलेल्या लगेजला अवजड ठरवून जादा आकार घेतेच. तिला मात्र कुणी लुटारू म्हणत नाही, कारण ती पावती छापील देते.

आक्षेप असा की तोच रॅम्प मे महिन्यात मुंबईला पाठवायला महाग आणि मुंबईहून आणायला स्वस्त, हा कुठला न्याय? हंगामाचा. जाताना हौद्यातली वीतभर जागाही पेट्यांनी बोललेली असते. येताना गाडी रिकामी, मिळेल ते भाडं गोड. म्हणून उंच जोत्याच्या घरात आजोबांना पायऱ्या चढवेनाशा झाल्या, की मुंबईच्या चिरंजिवांनी रॅम्प तिकडूनच धाडावा. दुसरा आक्षेप मात्र मला खोडता येत नाही. भाडं सांगण्याआधी तो “कुठले तुम्ही?” असं विचारतो, आणि उत्तरात ओळखीचं गाव निघालं तर पोकळ माल अचानक भरीव होतो. दरपत्रक भिंतीवर लावलं तर ही सोय जाईल, म्हणूनच ते लागत नाही.

राहिलं पॅकिंग. बिल्टीवर ‘मालकाच्या जोखमीवर’ असा शिक्का मारून मोकळा होणारा माणूस पॅकिंगची काळजी कशाला करेल, असं वाटतं. पण तो करतो, कारण रॅम्पचा उघडा कोपरा शेजारच्या पेटीत घुसला तर रस गळतो आणि भांडण थेट बागायतदाराशी होतं. सबंध रॅम्पला पुठ्ठ्यात गुंडाळून आणणाऱ्याचं त्याला हसू येतं. चार कोपऱ्यांना गोणपाट, घडी उघडू नये म्हणून दोन ठिकाणी सुतळी, आणि बिजागरीच्या पिना पिशवीत घालून रॅम्पलाच बांधलेल्या, एवढंच तो मागतो. पिशवी सुटी दिलीत, तर पावतीवर ‘नग दोन’ लिहितो आणि भाडंही दोघांचं घेतो.