मसालो

नानांच्या पिशवीत आणखी तीन पिशव्या असतात. एक ओल्या भाजीची, एक कोरड्या सामानाची आणि तिसरी, पिशवी न घेता बाजारात आलेल्या माणसाला दाखवायची. ती तिसरी आजवर कुणाला वापरायला मिळाल्याचं ऐकिवात नाही.

सकाळी बडोद्याच्या घडियाळी पोळमधून निघायचं, मांडवीखालून लहेरीपुरा दरवाजा, न्यायमंदिर करत खंडेराव मार्केट गाठायचं. पहिल्या भाजीवालीपासून वांग्यांचा भाव विचारत जायचं, शेवटच्या भाजीवालीकडे घ्यायची आणि परतताना पहिलीपाशी मुद्दाम थांबून सांगायचं, ‘‘बेन, तिकडे पाच रुपये कमी आहेत.’’ यात दुष्टावा नाही. तिला माहीत असावं, एवढाच हेतू. पैसे देऊन झाले की पिशवीचं तोंड उघडं धरून उभं राहायचं आणि म्हणायचं, ‘‘मसालो?’’ म्हणजे चार काड्या कोथमीर, दोन मिरच्या, कधी आल्याचं टोक. फुकट. मसालो पडला की व्यवहार पुरा. नाही पडला, तर नाना आठवडाभर त्या बाईसमोरून मान फिरवून जातात, आणि मान फिरवलेली तिला दिसली की नाही हेही वळून बघतात.

असा माणूस २०२३च्या एप्रिलात सहा महिन्यांसाठी मुलाकडे न्यू जर्सीत, एडिसनला गेला. मीही तेव्हा मुलीकडे तिथंच होतो, म्हणून हे सगळं बघायला मिळालं. मुलाला पगार उत्तम. किराण्यावर किती जातात याची घरात कुणाला काही पडलेली नव्हती. नानांची खरी पंचाईत इथूनच सुरू झाली.

पहिला आठवडा ८२नं गुणण्यात गेला. कोथिंबिरीची जुडी नव्याण्णव सेंट, म्हणजे एक्क्याऐंशी रुपये. नानांनी जुडी उचलली, तिच्याकडे पाहिलं आणि झोपलेलं पोर पाळण्यात ठेवावं तशी हलकेच परत ठेवली. दुसऱ्या आठवड्यात माईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, गुणाकार बंद करायला लावला, कारण गुणाकार झाला की नाना जेवत नसत. मग त्यांनी पौंड, औंस आणि गॅलन अंगावर घेतले. पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम, हे त्यांनी खिशातल्या डायरीत पहिल्या पानावर लिहिलं. वर ‘श्री’, खाली पौंड.

एक गोष्ट मात्र त्यांना मनापासून आवडली. तिथं फळीवर मालाच्या किमतीखाली बारीक अक्षरात औंसाला किती पडतात तेही छापलेलं असतं. मोठा डबा दर वेळी स्वस्त पडतो असं नाही, हे त्या बारीक अक्षरांतून कळतं आणि ते वाचायला नाना गुडघ्यावर बसत. म्हणाले, ‘‘बडोद्याच्या ज्या महाराजांनी १९०६ साली सगळ्या राज्यातल्या पोरांना सक्तीनं शाळेत बसवलं, त्यांनी ही पाटी पाहिली असती तर दुकानदारांनाही बसवलं असतं.’’ खंडेराव मार्केट त्याच साली झालं, हेही ते त्या ओघात सांगत. सुनेनं हे दोन्ही मे महिन्यातच अकरा वेळा ऐकलं होतं.

पण भाव छापलेला, म्हणजे बोलायचं काय? पैसे घ्यायला तर बरेचदा माणूसही नाही. आपणच वस्तू काचेवर धरायची आणि मशीन आकडा सांगणार. नाना दोनदा त्याच्याशी बोलून बघून आले. ‘‘बोलतं, पण ऐकत नाही,’’ हा त्यांचा निकाल. सासरेबुवा मशीनपुढे पिशवीचं तोंड उघडून उभे आहेत, हे दृश्य सून अजून हसत हसत सांगते. मला ते ऐकून फारसं हसू येत नाही.

मग त्यांनी कमाईचा दुसरा रस्ता काढला. आल्डीच्या दुकानात ढकलगाडी सोडवायला पंचवीस सेंटचं नाणं खाचेत घालावं लागतं. गाडी परत साखळीत अडकवली की नाणं बाहेर येतं. घाईतले लोक नाणं सोडून गाडी तशीच आवारात टाकून जातात. नाना रोज संध्याकाळी फिरायला निघत आणि गाड्या हाकत येत. गुराखी म्हणा ना. एका संध्याकाळी पंच्याहत्तर सेंट घेऊन आले आणि माईंना म्हणाले, ‘‘आज दुकानानं मला दिले.’’

पिशव्यांचाही तिथं मान झाला. न्यू जर्सीत ४ मे २०२२पासून मोठ्या किराणा दुकानांत प्लॅस्टिकचीच काय, कागदाचीही एकदाच वापरायची पिशवी देत नाहीत. एकदा पुढच्या रांगेतला गोरा तरुण दोन्ही हातांत टोमॅटो घेऊन अवघडलेला दिसला. नानांनी तिसरी पिशवी काढली. दाखवली. घडी घातली. परत ठेवली.

जुलैची वीस तारीख उजाडली आणि भारत सरकारनं बासमती सोडून बाकीच्या पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानांत झुंबड. सोना मसुरीसाठी माणसं रांगेत, दुकानात ‘माणशी एकच पिशवी’. नाना उत्साहानं दहा वर्षांनी तरुण झाले. घरात माणसं पाच, म्हणून पिशव्या पाच. नातू तीन वर्षांचा, पण माणूसच. सोना मसुरी त्या घरात कुणी खात नव्हतं हे रांगेतून घरी आल्यावर निघालं. आता एवढ्या तांदळाला कीड लागणार. आपल्याकडे दिवेल, म्हणजे एरंडेल, चोळतात. एरंडेलात भारत जगात पहिला आणि गुजरात भारतात पहिला, तेव्हा दिवेलाची किंमत काय असते ते आपण विसरूनच गेलो आहोत. तिथं ते औषधांच्या दुकानात, टाचेएवढ्या बाटलीत, सारकाच्या फळीवर. नानांनी चार बाटल्या घेतल्या. तिथल्या बाईनं त्यांच्याकडे अतिशय सहानुभूतीनं पाहिलं आणि मोठ्यानं ‘बरे व्हा’ अशा अर्थाचं काहीतरी म्हणाली. दिवेलासकट तो तांदूळ बासमतीच्या वर गेला. तो आकडा डायरीत नाही. मी बघितलं.

ऑगस्टात एकदा आम्ही दोघंच ओक ट्री रोडवर गेलो. एका लहानशा दुकानात भेंडी, मेथी, दुधी घेतला. गल्ल्यावर साठीची बाई. नानांनी पैसे दिले, पावती घेतली आणि हलले नाहीत. पिशवीचं तोंड उघडलं.

‘‘बेन, मसालो?’’

बाई थांबली. मागची रांगही थांबली. ‘‘काका, क्यांना?’’

‘‘वडोदरा. घडियाळी पोळ.’’

‘‘मारुं पियर वाडीमां!’’ म्हणजे माहेर बडोद्यातलंच. असं म्हणून ती उठली, टोपलीतून मूठभर मिरच्या आणि पुदिन्याच्या तीन काड्या आणून पिशवीत टाकल्या. गाडीत नानांनी मिरच्या मोजल्या. नऊ. घरी पोचेपर्यंत ते बोलले नाहीत, आणि त्या आठवड्यात आल्डीच्या आवारात गाड्या तशाच पडून राहिल्या.

नवरात्राआधी परत आलेच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. पोळमधल्या अंबामातेपुढे पुरुषच गरबा खेळतात आणि त्या फेरात त्यांची जागा ठरलेली. उतरले त्याच्या दुसऱ्याच सकाळी मार्केटात हजर, मी बरोबर. वांगी, गिलोडी, गवार, घासाघीस यथासांग. भाजीवालीनं न मागता मसालो टाकला, चांगली गच्च मूठ. नानांना राहवलं नाही.

‘‘बेन, एवढ्या कोथमिरीचे अमेरिकेत एक्क्याऐंशी रुपये पडतात, माहीत आहे?’’

बाईनं डोळे मोठे केले. ‘‘एक्याशी?’’

‘‘एक्क्याऐंशी. शपथ.’’

तिनं क्षणभर विचार केला, पिशवीत हात घातला, कोथमीर परत काढून टोपलीत ठेवली आणि म्हणाली, ‘‘दहा रुपये आपो, काका.’’