अपडेटचं बटण कोणी दाबायचं?

संस्थेची वेबसाइट नवी करायची ठरली की कार्यकारिणीत दोन तट पडतात. एक म्हणतो, सर्व्हर आपल्या कार्यालयात हवा. आपला डेटा आपल्या कपाटाशेजारी. दुसरा नुकताच कुठल्याशा परिषदेला जाऊन आलेला असतो. तो म्हणतो, आता सगळं क्लाउडवर! दीड तास हमरीतुमरी होते, चहा दोनदा येतो आणि विषय उपसमितीकडे जातो. साइट उभी राहिल्यावर तिची देखभाल कोणी करायची, हे मात्र इतिवृत्तात कुठेच सापडत नाही.

आधी कपाटवाल्यांकडे वळू. पनामातली मोसॅक फोन्सेका ही वकिली फर्म. धंदाच मुळी लोकांची गुपितं सांभाळण्याचा. एप्रिल 2016 मध्ये तिची सुमारे 1 कोटी 15 लाख कागदपत्रं चव्हाट्यावर आली, तेच ते पनामा पेपर्स. मग जाणकारांनी फर्मच्या साइटकडे पाहिलं. अशिलांसाठीचं पोर्टल ड्रूपल या वेबसाइट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या 2013 सालच्या आवृत्तीवर चाललेलं, आणि वेबसाइट व मेलचे सर्व्हर एकाच नेटवर्कवर गुण्यागोविंदाने नांदत होते. मधल्या काळात, ऑक्टोबर 2014 मध्ये, ड्रूपलमध्ये एवढं मोठं भगदाड सापडलं होतं की त्यांच्या सुरक्षा पथकानेच बजावलं: घोषणेपासून सात तासांत पॅच लावला नसेल, तर साइट फुटली असंच धरून चाला. सात तास! आपल्याकडे तेवढ्या वेळात टिपणीवर साहेबांची सही होत नाही. या फर्मला तर दीड वर्ष मिळालं होतं. कागद याच वाटेने गेले हे सिद्ध झालेलं नाही. पण जायला वाट मात्र होती.

क्लाउडवाल्यांनी टाळ्या पिटू नयेत. 28 फेब्रुवारी 2017 ला ॲमेझॉनच्या एका कर्मचाऱ्याने आज्ञा टाइप करताना चूक केली, नको तेवढे सर्व्हर निघाले आणि एस-थ्री ही साठवणसेवा काही तास आडवी झाली. कुठली सेवा बंद आहे हे सांगणारा ॲमेझॉनचा फलकही तिच्यावरच अवलंबून. त्यामुळे जगभर बोंब चाललेली असताना फलकावर सारं आलबेल!

10 मार्च 2021 ला तर फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीचं पाचमजली डेटा सेंटर आगीत खाक झालं. लाखो वेबसाइट बंद पडल्या. संस्थापकांनी ट्विटरवरून ग्राहकांना सल्ला दिला, की आपापली आपत्कालीन योजना आता सुरू करा. ‘आमची योजना म्हणजे तुम्हीच,’ असं मनातल्या मनात म्हणणारे किती असतील! काहींनी बॅकअपचे वेगळे पैसे मोजले होते. तो बॅकअपही त्याच आवारात होता. भांडण कोर्टात गेलं.

सरकारने आपल्यापुरता हा तिढा बरा सोडवला आहे, हे कबूल करायला हवं. एनआयसी या सरकारच्याच माहिती-तंत्रज्ञान संस्थेने जिल्ह्यांच्या साइटसाठी सामाईक व्यवस्था उभी केली. तांत्रिक डागडुजी वरच्या वर होते, जिल्ह्याने फक्त मजकूर भरायचा. म्हणून पुण्याची आणि साताऱ्याची साइट एकाच साच्यातली दिसते. दिसो बापडी. काम कोणाच्या तरी अंगावर आहे, हे काय थोडं झालं? बदली झालेल्या साहेबांचा फोटो आपोआप उतरवणारं बटण मात्र अजून कुठल्याच क्लाउडमध्ये निघालेलं नाही.

माझं मत विचाराल तर शाळा, ग्रंथालय, पतसंस्था असल्यांनी सर्व्हर पाळण्याच्या फंदात पडूच नये. वर्डप्रेससारखं साइट बनवायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. दर आठवड्याला त्याचे प्लगइन अपडेट करणारा माणूस फुकट मिळत नाही. तेव्हा अपडेट आणि बॅकअपसकट भाड्याने घ्या. पण करारात लिहून घ्या, की सोडून जाताना सगळा मजकूर, फोटोंसकट, दुसरीकडे चढवता येईल अशा रूपात मिळेल. बॅकअप दुसऱ्या गावात ठेवा, आणि वर्षातून एकदा तो परत चढवून बघा. न चढणारा बॅकअप घेण्यात अनेक संस्थांचा हातखंडा आहे.

आणि हो, डोमेन कोणाच्या नावावर आहे ते आजच तपासा. पुष्कळदा ते साइट बनवून देणाऱ्या मुलाच्या नावावर निघतं, आणि तो मुलगा आता टोरांटोला असतो.