बिऱ्हाड पाठीवर, पण कोणाच्या?

सध्या मोबाइल उघडला की रोज एक नवं जोडपं भेटतं. नोकरी सोडली, घर भाड्याने दिलं, टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये पलंग ठोकून घेतले, मुलांना बसवलं आणि निघाले देश बघायला. खाली बदामांचा पाऊस. या कुटुंबांचं मला मनापासून कौतुक आहे. तक्रार आहे ती कॅमेऱ्याबद्दल. तो सदान्‌कदा समोरच्या काचेतून बाहेर बघतो. मागे गॅसपाशी कोण उभं आहे, पोरांचे ओले कपडे कुठे वाळतायत, तिकडे काही तो वळत नाही.

सहकुटुंब भटकंतीत अर्जेंटिनाच्या झाप कुटुंबाचा हात धरणारं क्वचितच कुणी सापडेल. हर्मन आणि कांदेलारिया झाप २००० सालच्या जानेवारीत ब्युनॉस आयर्समधून निघाले, १९२८ सालच्या ग्रॅहॅम-पेज गाडीतून. सहा महिन्यांत अलास्का गाठायचा बेत होता. घरी परतले २०२२ च्या मार्चमध्ये! शंभरावर देश, साडेतीन लाखांवर किलोमीटर. या बावीस वर्षांत चार मुलं झाली, त्यातली तिघं अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात जन्मली. माणसं मावेनात म्हणून गाडी कापून लांब करून घ्यावी लागली.

इथवरचं सगळेच सांगतात. पुढचं मात्र कुणी फारसं सांगत नाही. जवळचे पैसे इक्वेडोरमध्येच संपले. मग कांदेलारिया चित्रं काढू लागल्या, हर्मन चौकटी करू लागले, आणि ती चित्रं विकून गाडी पुढे सरकली. नंतर प्रवासावरचं स्वतःचं पुस्तक विकत विकत ते फिरले. मुलांचा अभ्यास आईने घेतला, अर्जेंटिनातल्या दूरशिक्षणाची मदत घेऊन. रात्रीचं काय? जवळजवळ दोन हजार घरांनी त्यांना आसरा दिला. दोन हजार घरांत कुणीतरी अंथरुणं घातली, कुणीतरी वाढीव स्वयंपाक केला. जगात माणसं चांगली आहेत, हे त्या दोघांनी परतल्यावर आवर्जून सांगितलं. माझा त्यावर पूर्ण विश्वास आहे. पण त्या चांगुलपणातला बराचसा भाग चुलीपाशी राबत होता, तेही कुणी सांगायला हवं.

आपल्याकडेही राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. चांगलं झालं. पण आजही लांबच्या प्रवासाला निघायचं म्हटलं की घरातल्या बायका आदल्या रात्रीपासून पाणी कमी पितात, कारण वाटेत स्वच्छ संडास मिळेल याची खात्री नसते. ज्या रस्त्यावर बाईला तहान मारावी लागते, तो कितीही पदरी असला तरी अर्धवटच आहे.

आणि रस्त्यावर जगणाऱ्या कुटुंबांसाठी अर्जेंटिनापर्यंत कशाला जायला हवं? फलटण, बारामती, पुरंदरकडच्या कोरड्या पट्ट्यातले मेंढपाळ धनगर दिवाळीच्या आगेमागे घर सोडतात. कित्येक वाडे, म्हणजे एकत्र फिरणाऱ्या कुटुंबांचे तांडे, घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. वर्षातले सात-आठ महिने अख्खं कुटुंब वाटेवर. पुरुष मेंढरं चारत रानारानाने येतात. संसार येतो बायकांबरोबर, घोड्यावर लादून. खाली धान्याची पोती, त्यावर भांडी आणि वाकळा, मेंढरांभोवती लावायची जाळी, बाजूला बांधलेल्या कोंबड्या, कालपरवा जन्मलेलं कोकरू, आणि सगळ्यांच्या वर बसवलेलं पोर. घोड्याचं दावं धरून बाई चालत असते. तळावर पोचली की तीन दगड मांडायचे, पाणी शोधायचं, सरपण गोळा करायचं, भाकऱ्या थापायच्या. मेंढरं येतील तोवर सगळं तयार हवं. शेतात दोन-चार रात्री मेंढरं बसवून झाली की पुन्हा सगळं घोड्यावर. त्या लेंडीखताचे पैसे किंवा धान्य शेतकरी देतो, आणि तो व्यवहार ठरतो पुरुषापुरुषांत.

आता मुलांचं बघा. टेम्पो ट्रॅव्हलरमधलं पोर जगाच्या शाळेत शिकतंय, असं आपण म्हणतो. कोकराला दूध पाजणारं, कुठल्या झाडाचा पाला चालतो आणि कुठला बाधतो हे आठव्या वर्षी ओळखणारं पोर मात्र सरकारी तक्त्यात ‘शाळाबाह्य’. हा दुजाभाव मला सहन होत नाही. पण त्या पोराला लिहिता-वाचता आलंच पाहिजे, याबद्दलही माझ्या मनात शंका नाही. शिक्षणहक्क कायदा २०१० पासून लागू आहे, आणि सहा ते चौदा वर्षांचं प्रत्येक मूल त्यात येतं. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी पत्रकही आहे. गाव सोडताना ते घ्यायचं, नव्या गावच्या शाळेत दाखवायचं, की मुलाला वर्गात बसवतात. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर काही महिने एका जागी राहणाऱ्यांना त्याचा उपयोग होईल. परवाच तळ हलवून आज तिसऱ्या गावच्या शिवारात उतरलेल्या बाईने ते कुठल्या शाळेत दाखवायचं? आणि दाखवायला जायचं कधी, भाकऱ्या थापून झाल्यावर की सरपण आणायच्या आधी?

झाप कुटुंबातल्या मुलांचा अभ्यास त्यांच्या मागे जगभर फिरू शकला. आपल्या वाड्यांचा फलटण ते कोकण फिरू नये? वाड्यांवर आता मोबाइल आहेत, ते चार्ज करायला सौर पाट्याही दिसू लागल्या आहेत. मुलांची नावं गावच्या शाळेच्या पटावर राहू द्या, धडे वाड्याबरोबर पाठवा आणि आठवड्यातून एकदा तळावर जाणारा शिक्षक नेमा. त्याला त्या कामाचा वेगळा भत्ता द्या, मोटरसायकलचं पेट्रोल द्या. तळ सापडत नाही, ही सबब मात्र कुणी सांगू नये. खत हवं असलेल्या शेतकऱ्याला तो दर वर्षी बरोबर सापडतो.