टेप आहे ती, दोरखंड नव्हे

प्रत्येक गोतावळ्यात एक तरी गृहस्थ असा असतो, ज्याच्या घरचा व्हीसीआर अजून चालू आहे. आमच्यात हा मान रत्नागिरीच्या भाऊकाकांचा. त्यांच्या घरात टीव्ही बदलले, फ्रिज बदलला, सुना आल्या, जावई आले; पण मेहुण्याने दुबईहून आणलेला नॅशनलचा व्हीसीआर, काकूंनी क्रोशाने विणलेल्या रुमालाखाली, आहे तिथेच आहे.

रविवारी सकाळी आंघोळ झाली की काका मशीन उघडतात. स्क्रू वाटीत, वाटी स्टुलावर, आणि त्या वेळी घरात पंखा लावायला बंदी. आत तो चकचकीत, किंचित तिरका बसवलेला ड्रम. "मिनिटाला दीड हजार फेरे!" असं काका दर वेळी पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं सांगतात. ड्रमच्या कडेला जी इवलीशी हेडं असतात, त्यांची फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही बारीक. तिथे धुराचा कण बसला तरी पडद्यावर मुंग्या. म्हणून या खोलीत सिगारेट ओढायची नाही. मशीन ज्यांनी आणलं, त्या दुबईच्या मेहुण्यांनाही काकांनी पहिल्याच दिवशी ओटीवर पिटाळलं होतं.

हेड पुसायलाही शास्त्र आहे. कापसाची काडी वर्ज्य, तिचे तंतू अडकतात. कॅमेऱ्याच्या दुकानातून आणलेला मऊ कातड्याचा तुकडा घ्यायचा, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवायचा आणि ड्रमच्या फिरण्याच्या दिशेने आडवाच पुसायचा. उभा पुसला तर हेड तुटलंच म्हणून समजा. ती बाटली देवघराशेजारच्या फडताळात असते. तिच्यावरचं 'अल्कोहोल' हे अक्षर दिसू नये म्हणून काकूंनी तिला खाकी कागद गुंडाळलाय. बाजारातला एक मेकॅनिक कोरी नोट घासून हेड साफ करायचा. काकांनी त्याच्याशी बोलणंच सोडलं. "कोरी झाली तरी नोटच ती. पैशाने सगळं साफ होतं असं वाटतं लोकांना!"

मृग लागला की मशीनचा चातुर्मास सुरू होतो. दमट हवेत ड्रमला ओल धरते, टेप त्याला चिकटते आणि गुंडाळून बसते. म्हणून कोनाड्यात चाळीसचा बल्ब रात्रंदिवस जळतो. बुटांच्या खोक्यांतून, औषधांच्या डब्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या फोडून काका ते दाणे तव्यावर शेकतात आणि पुन्हा पुरचुंड्या बांधतात. त्या तव्यावर नंतर भाकरी करायला काकूंनी नकार दिल्यापासून काकांचा तवा वेगळा आहे.

अपवाद फक्त गणपतीचा. ऐंशीच्या दशकात मंडळ रात्री रस्त्यावर पिक्चर दाखवायचं. मशीन काकांचं, त्यामुळे मशीनबरोबर बल्ब आणि बल्बबरोबर काका. एका रात्रीत तीन पिक्चर व्हायचे. गोष्ट विचारलीत तर एकाचीही सांगता येणार नाही. पण कुठल्या रिळात खालून पट्टी आली आणि ट्रॅकिंग किती फिरवल्यावर गेली, हे आजही पाठ. पडद्यावर आई मरत असते, बाया पदराने डोळे पुसत असतात आणि काका समाधानाने म्हणतात, "बघ, एक रेघ नाही!"

परकी कॅसेट मशीनमध्ये थेट जात नाही. आधी तिच्या बाजूचं बटण दाबून झाकण उचलायचं, टेपला सुरकुती आहे का, बुरशीची पांढरी साय आहे का, कुणी सेलोटेपने जोड दिलाय का ते पाहायचं. लायब्ररीची कॅसेट बहुधा इथेच नापास व्हायची. कुणी चित्र दिसत असताना रिवाइंड दाबलं की आतून आवाज येणारच: "अरे, टेप आहे ती, दोरखंड नव्हे!"

घरच्या कॅसेटींवर काकांच्या सुवाच्य अक्षरात लिहिलेलं असतं, 'पुसू नये'. शिवाय मागची प्लॅस्टिकची जिभली मोडून टाकलेली, म्हणजे वर दुसरं काही रेकॉर्डच होऊ नये. तरी धाकट्याने एकदा त्या भोकावर चिकटपट्टी लावली आणि आत्याच्या लग्नावर 1996 च्या वर्ल्ड कपची भारत-पाकिस्तान मॅच घेतली. परिणामी त्या कॅसेटमध्ये अंतरपाट दूर होतो आणि पलीकडे नवरदेवाऐवजी बेंगळुरूच्या मैदानात वेंकटेश प्रसाद आमिर सोहेलची दांडी उडवतो. आत्या रडली. काकांनी ती जागा दोनदा फिरवून पाहिली आणि म्हणाले, "लग्न गेलं ते वाईटच झालं. पण जोड बघ, कळतसुद्धा नाही!"

2016 च्या जुलैत जपानच्या फुनाई कंपनीनेही व्हीसीआर बनवणं थांबवलं. दुसरं कुणी बनवणारं उरलं नव्हतं. ती बातमी वाचून काका चहा न घेता उठले आणि भंगारवाल्याकडे गेले. तेव्हापासून पलंगाखाली मेलेले व्हीसीआर आहेत, एकाचा बेल्ट काढायला, दुसऱ्याचा रबरी रोलर.

बंद राहिलेल्या टेपचे थर चिकटतात, म्हणून वर्षातून एकदा प्रत्येक कॅसेट पुढे-मागे फिरवायची. हे काम मे महिन्यात आणि नियम असा, की ज्याची कॅसेट त्याने समोर बसायचं. त्यामुळे आमच्याकडे आंबे, फणस आणि स्वतःचं लग्न या तिन्ही गोष्टी दर उन्हाळ्यात खाव्याच लागतात. रुसलेल्या जावा, अबोला धरलेले भाऊ, सगळे आपापल्या कॅसेटपायी येतात, आणि आल्यावर जेवून जातात.

गेल्या वर्षी भाची लॅपटॉप आणि वायर घेऊन आली. काकांच्या मशीनवर एकेक कॅसेट लावून तिने सगळं उतरवून घेतलं आणि पेनड्राइव्ह त्यांच्या तळहातावर ठेवला.

"भाऊमामा, सगळी लग्नं यात आली."

काकांनी तो उलटसुलट करून पाहिला. "हे उघडतं कुठून?"

"उघडत नाही."

"मग साफ कसं करायचं?"

"करावंच लागत नाही. ठेवून द्यायचं नुसतं."

काकांनी तो तिला परत केला. "मग तुझ्याकडेच राहू दे. आणि मे महिन्यात ये. तुझी कॅसेट फिरवायची आहे."

"अहो, पण आता कशाला..."

"एकटीने नको. नवऱ्यालाही आण."